डाव्या पिळाचं इन्सुलिन

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी एका सकाळी मॅडम वर्गात पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन आल्या. आत चष्मे होते, तेही पुठ्ठ्याचेच. एका डोळ्यापुढं लाल कागद, दुसऱ्यापुढं निळा. आम्हाला वाटलं आज सिनेमा आहे. मॅडमनी खिडक्यांचे पडदे ओढले आणि भिंतीवर लाल-निळ्या रेघांचा एक गुंता दाखवला.

"हे प्रोटीन," त्या म्हणाल्या. "आता चष्मे घाला आणि बघा."

सगळ्यांनी चष्मे घातले. आणि वर्गभर "आऽऽ" असा आवाज उठला. माझ्या शेजारच्या मुलीनं चक्क हात पुढं करून हवेत काहीतरी पकडायचा प्रयत्न केला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "अंगावर आलं की रं!"

माझ्या अंगावर काही आलं नाही. मला भिंतीवर तोच गुंता दिसत होता, फक्त आता एकाच रंगाचा. मी चष्मा काढला, पुसला, उलटा घालून पाहिला. काही फरक नाही. मग सगळ्यांकडं बघून मीही "अय्या!" म्हणाले. ते थोडं उशिरा निघालं, पण निघालं.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, एवढं मला कॉलेजपासून पाठ होतं. पण ती साखळी पेशीत सरळ पडून राहत नाही. ती वळते, गुंडाळते, दुमडते आणि शेवटी एक ठरावीक आकार घेते. प्रत्येक प्रोटीनचा आकार वेगळा, आणि त्याचं काम त्या आकारावर अवलंबून. म्हणजे आकार कळला नाही तर काही कळलं नाही, असा सगळा मामला. त्या आकाराचं वेड असलेल्या मॅडम आम्हाला लाभल्या होत्या. त्या धारवाडकडच्या. घरी कन्नड, वर्गात इंग्रजी आणि आमच्याशी बोलताना अगदी जपून, पुस्तकातलं मराठी.

मी अख्खं सत्र ढोंग करून काढलं. चष्मे आले की "अय्या" म्हणायचं, आणि रात्री पुस्तक पाठ करायचं: इथं स्प्रिंगसारखा पीळ, त्याला हेलिक्स म्हणायचं, मग वळण, मग सरळ पट्टा. लेखी परीक्षेत मला चांगले गुण पडायचे. अंध माणसाला गावाचा रस्ता तोंडपाठ असावा तसं माझं ज्ञान होतं. फरक एवढाच की तो माणूस पोचतो आणि मी कुठंच पोचत नव्हते.

दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला एकेक प्रोटीन वाटून दिलं. त्यावर वर्गासमोर बोलायचं. मला इन्सुलिन मिळालं. मला आनंद झाला, कारण इन्सुलिन आमच्या घरातलंच होतं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत पंचवीस वर्षं काम केलेल्या माझ्या आईला साखरेचा आजार होता आणि ती रोज सकाळी पोटात सुई टोचून घेत असे. आधी दोन दिवस मी आरशासमोर भाषण घोकलं. इन्सुलिनमध्ये दोन साखळ्या. पहिलीत एकवीस मणी, म्हणजे अमिनो आम्लं, दुसरीत तीस. दोघींना गंधकाचे दोन पूल जोडतात, आणि तिसरा पूल पहिल्या साखळीच्या आतच आहे. वर्गातही सगळं बिनचूक म्हणाले. मग भिंतीवरच्या चित्राकडं बोट करून मॅडमनी विचारलं, "ही वरची दिसते आहे, ती साखळी आपल्या जवळ आहे की लांब?"

"लांब," मी म्हणाले.

चष्मे घातलेला वर्ग हसला. ती साखळी म्हणे अगदी नाकासमोर लोंबत होती.

तास संपल्यावर मॅडमनी खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावर डबा उघडा होता, भाकरी आणि भरल्या वांग्याचं एण्णेगाई. त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, "खरं सांग. चष्म्यातून तुला काही दिसतं का?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण तोंडात भाकरी होती. "न्हाय, मॅडम," मी म्हणाले. "कधीच न्हाय दिसलं."

मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "सुईत दोरा ओवता येतो?"

"आक्का ओवून देते."

"चेंडू झेलता येतो?"

मला हसू आलं. लहानपणी आमच्या गल्लीत गजगे खेळताना, वर उडवलेला गजगा माझ्या हातात कधी म्हणजे कधीच पडला नव्हता. तो कपाळावर पडायचा. सगळ्या पोरी मला 'फुटक्या हाताची' म्हणायच्या आणि मीही ते मान्य केलं होतं.

मॅडमनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. डॉक्टरांनी पुष्कळ भिंगं पुढं-मागं केली आणि सांगितलं की माझा डावा डोळा आळशी आहे. दिसतं त्याला, पण मेंदू त्याचं ऐकतच नाही. सगळा कारभार उजवा एकटा बघतो. खोली, म्हणजे जवळ-लांब, कळायला दोन्ही डोळ्यांचं चित्र जुळावं लागतं, आणि माझं कधी जुळलंच नव्हतं. लहानपणी कळलं असतं तर पट्टी बांधून बरंच काही करता आलं असतं. आता या वयात फार आशा नाही.

मी वडगावला थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरी राहत होते. घरी येऊन सांगितलं तर आक्का रडायलाच लागली. "माझं ध्यान कसं गेलं न्हाय गं? चहा वतताना निम्मा बशीत वततीस, मी आपली वरडतो तुला."

आमच्याकडं बायकासुद्धा 'मी वरडतो', 'मी जातो' असंच म्हणतात. त्या दिवशी त्या 'वरडतो'नं मला भडभडून आलं. खरं सांगायचं तर मला दुःख कमी आणि सुटल्यासारखं जास्त वाटत होतं. म्हणजे मी वेंधळी नव्हते! इतकी वर्षं गजगे माझ्यामुळं नव्हे, डोळ्यामुळं पडत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक. मग हातानं बघ. पूर्वी कॉम्प्युटर नव्हते तेव्हा लोक तार वाकवून प्रोटीन करायचे. दोन मण्यांमधलं अंतर सारखंच असतं. प्रत्येक मण्यापाशी तार किती वाकवायची आणि किती पिळायची, एवढे दोन आकडे कळले की झालं. आकडे मी तुला काढायला शिकवते. तार मात्र तुझी तू शोध."

तार शोधायची गरजच नव्हती. आक्काचे यजमान, माझे दाजी, मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत स्प्रिंगा बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. वीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. घरात दाराला, उंदराच्या पिंजऱ्याला, देवघराच्या फळीला, सगळीकडं त्यांच्या स्प्रिंगा. बोलणं कमी. जेवताना मी त्यांना आकड्यांचा कागद दाखवला: पन्नास ओळी, प्रत्येक ओळीत दोन कोन, काहींच्या आधी अधिकचं चिन्ह, काहींच्या आधी उण्याचं.

दाजींनी कागद दिव्याजवळ धरला. "हे कशाचं ड्रॉइंग म्हणायचं?"

"इन्सुलिनचं."

"आत्तीच्या सुईतलं?" आत्ती म्हणजे त्यांची सासू, माझी आई.

"व्हय."

त्यांनी हात धुतला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. "तार सव्वा दोन एमेमची घेऊया," ते म्हणाले. "पातळ घेटली तर लवतंय."

पुढच्या रविवारी त्यांनी लाकडाच्या फळीवर एक छोटं यंत्र बसवलं. तार धरायला एक चिमटा, वाकवायला एक दांडी, आणि पीळ मोजायला माझ्या कंपासपेटीतला कोनमापक. दोन मण्यांत दोन सेंटीमीटर असं माप ठरलं. मी आकडा वाचायचा, दाजींनी तार फिरवायची, मग वाकवायची, आणि खडूनं खूण करायची. आक्का मध्ये मध्ये येऊन म्हणायची, "मुटका झालाय नुसता."

पहिली साखळी दोन तासांत झाली. माझ्या पुस्तकाप्रमाणं तिच्या सहाव्या आणि अकराव्या मण्यात गंधकाचा पूल होता. म्हणजे ते दोन मणी एकमेकांजवळ यायला हवेत. आम्ही ते मुद्दाम जुळवले नव्हते. आम्ही फक्त एकेक वाक घेत गेलो होतो. मी पट्टी लावली. तीन सेंटीमीटरला थोडं कमी. यायला हवं तेवढंच.

"आलं!" मी ओरडले.

"येनारच की," दाजी म्हणाले. "ड्रॉइंग बराबर असलं तर काम बराबर येतंयच." पण त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेऊन स्वतः एकदा लावलीच.

दुसरी साखळी मोठी. मधे एक छान, घट्ट हेलिक्स, आणि पुढं सरळ शेपूट. ती व्हायला पुढचा रविवार उजाडला. त्या दिवशी आई निपाणीहून आली होती. दाजींनी दोन्ही साखळ्या हातात घेतल्या आणि एकीत दुसरी बसवायला लागले. असं धरून बघ, तसं धरून बघ. आणि एका क्षणी त्या बसल्या. सात नंबरचा मणी सातपाशी, वीस नंबरचा एकोणीसपाशी, दोन्ही एकाच वेळी. दाजींनी तिथं पातळ तांब्याची तार गुंडाळली आणि तो सगळा गोळा आईच्या ओंजळीत ठेवला.

आईनं तो उलटसुलट करून पाहिला. "हेच मी रोज टोचून घेतो व्हय?"

"व्हय. पण याच्या कोट्यवधीपट बारीक."

"म्हणूनच जातंय सुईतनं," आई म्हणाली आणि मनापासून हसली. वखारीत तंबाखूचं पान बोटांत धरूनच ओळखणारे तिचे हात त्या तारेवरून हळूहळू फिरत होते. मीही डोळे मिटून बोट फिरवलं. वर्षभर पाठ केलेलं सगळं पहिल्यांदाच माझ्या बोटाखालून गेलं: इथं पीळ, इथं वळण, इथून मागं जातं, इथं पुढं येतं. मागं आणि पुढं! मला 'मागं' म्हणजे काय ते कळत होतं. मी तिथंच पाटावर बसून राहिले.

आक्कानं शिरा केला. शिरा खाता खाता दाजी तो गोळा पुन्हा हातात घेऊन बसले. त्यांचा अंगठा मधल्या हेलिक्सवरून सरकत होता. पुन्हा सरकला. मग त्यांनी ताटली खाली ठेवली.

"ही स्प्रिंग डावी हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"साध्या बोल्टाला उजवे आटे असतात. आमच्याकडं स्प्रिंगाबी बहुतेक उजव्याच. गिऱ्हाइकानं मुद्दाम सांगितलं तरच डावी करायची. ही डावी हाय. तुझ्या ड्रॉइंगात डावीच हाय का?"

मला पुस्तक उघडायची गरज नव्हती. प्रोटीनमधले हेलिक्स उजव्या पिळाचे असतात हे मी चार परीक्षांत लिहिलं होतं. चारही वेळा पूर्ण गुण मिळाले होते. आणि हातात डावा पीळ धरून मी अर्धा तास आनंदानं डोळे मिटून बसले होते.

"पण दाजी, मग पूल कसे जुळले? चुकलं असतं तर जुळायला नको होते."

उत्तर मलाच सापडलं, आक्काच्या कपाटाच्या आरशाकडं बघताना. आरशातल्या माणसाचं नाकही डोळ्यांपासून तेवढ्याच अंतरावर असतं. आम्ही इन्सुलिन नाही, इन्सुलिनचं आरशातलं प्रतिबिंब बनवलं होतं. सगळी अंतरं बरोबर, फक्त डावं ते उजवं. अधिक म्हणजे उजवीकडं पीळ आणि उणे म्हणजे डावीकडं, असं मॅडमनी सांगितलं होतं; आणि दाजींना कोनमापक बसवायला सांगताना मी त्याचं तोंड उलटं सांगितलं होतं. पन्नास वाक, सगळे इमानदारीनं उलटे.

"उलटं असलं तर काय हुतंय?" आईनं विचारलं.

मला दाराबाहेर काढलेली पायताणं दिसली. "आई, शरीरात इन्सुलिनला बसायला एक जागा असते. पायाला पायताण बसतं तशी. हे म्हणजे उजव्या पायाला डावं पायताण."

"चालता येतंय की," आई म्हणाली. "वखार सुटायच्या गर्दीत किती येळा घालून आलतो मी."

"पायाला येतंय. याला न्हाय येत."

"मग काढा आणि नीट करा," आईनं निकाल दिला आणि शिऱ्याची ताटली पुसून ठेवली.

सरळ करून पुन्हा वाकवता येईल अशी ती तार नव्हती. दाजींनी नवी तार आणली, कोनमापक फिरवून बसवला आणि आम्ही पहिल्या आकड्यापासून पुन्हा बसलो. या वेळी प्रत्येक हेलिक्स झाला की दाजी त्यावरून अंगठा सरकवायचे आणि मान डोलवायचे. मलाही त्यांनी शिकवलं: बोल्ट आवळताना मनगट जसं फिरतं तसं फिरत पुढं गेलं की उजवं. आजही वर्गात कोणी उजवा-डावा विचारलं की माझं मनगट आधी फिरतं आणि तोंड मग उघडतं.

कॉलेजात ते नेतानाची एक वेगळीच तऱ्हा. मिठाईच्या मोठ्या खोक्यात कापूस घालून ठेवलेलं इन्सुलिन मांडीवर घेऊन मी दाजींच्या स्कूटरवर मागं बसले. खडेबाजारातल्या गर्दीत एका ओळखीच्या बाईनं थांबवून विचारलं, "काय गं, साखरपुडा हाय काय?" दाजींनीच उत्तर दिलं, "न्हाय वो, परीक्षा हाय."

वर्गात मी भिंतीवर चित्र लावलंच नाही. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि दोन्ही नग फिरवले, आधी डावा आणि मग उजवा. काय फरक आहे ते सांगा म्हटलं. अंगावर प्रोटीन आलेल्या त्या मागच्या बाकावरच्या मुलाला फरक सापडेना. चार जणांना सापडला. मॅडमनीही डोळे मिटले होते. त्यांचं बोट हेलिक्सवर बराच वेळ रेंगाळलं. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "चलो आतु," म्हणजे छान झालं. त्यांच्या तोंडून वर्गात आलेलं ते पहिलं कन्नड. मग त्यांनी डावा नग उचलला आणि विचारलं, "हा मी ठेवून घेऊ? चूक इतकी सुंदर कोणी करत नाही."

मी दिला. दाजींना सांगितल्यावर मात्र ते दोन दिवस नाराज होते. आपलं चुकलेलं काम दुसऱ्याच्या टेबलावर राहणं त्यांना पसंत नव्हतं.

मात्र त्या महिन्यांत त्यांना एक खोड लागली. आकाराची. त्यांनी मला डीएनएबद्दल विचारलं. मी म्हटलं, दोन तारा, एकमेकींभोवती, उजव्या पिळाच्या. त्यांनी संध्याकाळी एकात एक घातलेल्या दोन स्प्रिंगा आणून दिल्या, अगदी समान अंतरावर. मी म्हटलं, "असं न्हाय दाजी, एक खाच रुंद असते आणि एक अरुंद." ते म्हणाले, "का म्हणून?" आणि त्या 'का म्हणून'चं नीट उत्तर द्यायला मला आठवडा लागला, कारण पुस्तकातली ती ओळ मी नुसतीच पाठ केली होती. दोन तारांना जोडणाऱ्या पायऱ्या बरोबर मधोमध टेकत नाहीत, एका बाजूला सरकून टेकतात, हे मी आगपेटीच्या काड्या लावून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग असं सांग की आदी." पुढं एकदा एका रक्त-तपासणी केंद्राच्या पाटीवर डीएनए डाव्या पिळाचा काढलेला त्यांना दिसला. त्यांनी स्कूटर लावली, आत गेले आणि काउंटरवरच्या मुलीला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उपाशीपोटी आलाय का?"

मी पुढं शिकवायलाच लागले, निपाणीच्याच एका कॉलेजात. आता मुलांच्या फोनवर सगळं आहे. साखळीतली अक्षरं टाकली की कॉम्प्युटर आकाराचा अंदाज करून देतो, बोटानं फिरवता येतो, रंग बदलता येतात. मला त्याचं कौतुक आहे. चित्र फिरायला लागलं की माझ्या एका डोळ्यालाही पुढचं-मागचं कळतं, हे मला फोननंच शिकवलं. तरी वर्षातून एका शनिवारी मी वर्गात तार आणते. दोघादोघांनी मिळून एक छोटं प्रोटीन वाकवायचं.

गेल्या वर्षी शिकवायला दाजींना बोलावलं. ते आता कामावरून निवृत्त झालेत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, फळीचं यंत्र पिशवीत घालून ते वडगावहून बसनं आले. मुलं त्यांना "सर, सर" म्हणायला लागली तेव्हा ते माझ्याकडं बघायला लागले, की हे कोणाला बोलावतायत. दुपारी दोन मुलींची साखळी काही केल्या जुळेना. पुलाचे मणी एकमेकांपासून वीतभर लांब. मुली म्हणाल्या ड्रॉइंग चुकलंय. दाजी म्हणाले ड्रॉइंग चुकत न्हाय, आकडे वाचा. त्या वाचायला लागल्या, दाजी एकेक वाकावर बोट ठेवत गेले, आणि चौदाव्यावर थांबले. चौदावा वाक घ्यायचाच राहून गेला होता. तेराव्यावरून थेट पंधरावा.

"मधेच घालता येईल का, सर?" एकीनं विचारलं.

"न्हाय," दाजी म्हणाले. त्यांनी पिशवीतून नवी तार काढली, खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि म्हणाले, "वाचा, एक नंबर."

त्यांची साडेचारची बस गेली, मग साडेपाचचीही गेली. मी आक्काला फोन करून सांगितलं की दाजी आज आमच्याकडंच जेवतील.